कोरलेलं नाव आणि चिकटवलेलं वाक्य

हल्ली चित्रात एखादं वाक्य आलं की चित्र आपोआप विचारी ठरतं. कॅनव्हासवर उसनी इंग्रजी ओळ, शेजारी धूसर फोटो आणि बाजूला दोघांचा अर्थ सांगणारा परिच्छेद, एवढ्या भांडवलावर मुंबई-पुण्यात प्रदर्शनं उभी राहतात. मला याचा राग येतो, कारण शब्द आणि प्रतिमा एकत्र आल्यावर काय घडू शकतं हे दाखवणारी दोन सिंहावलोकनी प्रदर्शनं होऊन गेली आहेत : २०१७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए) जितीश कल्लाट यांचं आणि २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएत प्रभाकर बरवे यांचं.

कल्लाट यांच्या कामात अक्षराला शरीर असतं. ‘पब्लिक नोटिस’मध्ये (२००३) नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण आरशावर जाळलेल्या अक्षरांत आहे, वाचायला उभं राहावं तर आपलाच वाकडातिकडा चेहरा मागे दिसतो. ‘पब्लिक नोटिस २’मध्ये (२००७) दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचं, ११ मार्च १९३० चं गांधींचं भाषण हाडांच्या आकाराच्या ४,४७९ अक्षरांत फळ्यांवर मांडलेलं आहे. तिथे भाषण आधी वाचून मग हाडं पाहावीत अशी सोय नाही. वाचणं आणि पाहणं एकाच क्षणी घडतं, आणि अहिंसेचा शब्द उत्खननातल्या अवशेषासारखा समोर येतो. म्हणून ते काम मोठं आहे.

शब्द-चित्राच्या नावाखाली जे बाकीचं चालतं त्यात निऑनच्या नळ्यांत वाकवलेली सुभाषितं मला वगळायची आहेत, आणि मंचावर संगीताच्या साथीने कुंचल्याने ओढलेले ओंकारही. र. कृ. जोशींनी अक्षराच्या घडणीचा जन्मभर विचार केला, ‘मंगल’सारखा टंक दिला, त्यांच्या नंतर सुलेखनाचा असा जलसा व्हावा हे क्लेशकारक आहे.

आता शब्द आणि प्रतिमा एकत्र आल्याचं जुनं उदाहरण, जुन्नरजवळचा नाणेघाट. तिथल्या लेण्याच्या बाजूच्या भिंतींवर यज्ञांची आणि दक्षिणांची लांबच लांब ब्राह्मी नोंद आहे. गाई, घोडे, कार्षापण आणि त्यांचे आकडेसुद्धा. मागच्या भिंतीवर सातवाहन कुळातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या फुटून गेल्या. पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. वर नावं मात्र आहेत : सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सिरि सातकनि. मूळ योजनेत नाव म्हणजे प्रतिमेची ओळख सांगणारी पट्टी होती. प्रतिमा गेल्यावर त्या पट्टीवरच सगळा भार आला. आज आपण रिकाम्या दगडाकडे पाहतो आणि त्या नावामुळे तिथे कोणीतरी उभं असल्याचं जाणवतं. चित्रातल्या अक्षराकडून माझी अपेक्षा एवढी कठोर आहे : प्रतिमा काढून घेतली तरी तिची जागा त्याने धरून ठेवली पाहिजे. कल्लाट यांची हाडं या कसोटीला उतरतात. चिकटवलेली वाक्यं उतरत नाहीत.

बरवे तर मला याहून जवळचे वाटतात. पान, घड्याळ, शंख अशा वस्तू ते अक्षरांसारख्या मांडतात. मधल्या मोकळ्या जागेलाही त्यांच्याकडे उच्चार असतो. त्यांच्या वह्यांत मराठी मजकूर आणि रेखाटन शेजारी शेजारी वाढत जातं. त्यातून आलेल्या विचारांचं पुस्तक, ‘कोरा कॅनव्हास’, १९९० मध्ये निघालं. तरीही या वह्यांकडे चित्रांचं संदर्भसाहित्य म्हणून पाहिलं जातं. माझ्या मते ती पानंच मराठीतलं शब्द-चित्राचं सर्वांत पक्कं काम आहे. मुंबईच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकरांना भाषणात अडवलं गेलं. त्यावर बोलायला हवंच होतं, पण त्या गदारोळात ती पानं मागे पडली.

आणि चित्रकारांना विषय मिळत नाहीत म्हणे! गांधींच्या त्या भाषणानंतर नऊ महिन्यांनी, १२ डिसेंबर १९३० रोजी, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत परदेशी कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली गेला. पुढे डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचं नाव मिळालं, आणि त्याच जलाशयात मूळ आंबेगाव बुडालं. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेऱ्या घोडेगावात. गाव पाण्यात, नाव सातबाऱ्यावर, एसटीच्या पाटीवर, निवडणुकीच्या यादीत. नाणेघाटात जे दगडात झालं तेच इथे आपल्या डोळ्यांदेखत घडलं. हाडांच्या अक्षरांनी जगभर जे सांगितलं जातं, त्याचा इतका जवळचा पुरावा मराठी चित्रकार ओलांडून जातो आणि इंग्रजी ओळ शोधत बसतो, हे मला समजत नाही आणि मान्यही नाही.

जुन्नर-घोडेगावात दालनं नाहीत, हे कारणही पुरे झालं. बरव्यांच्या वह्यांच्या चांगल्या छापील प्रती शाळेच्या सभागृहात लावायला वातानुकूलन लागत नाही. मराठी वाचणारे लोक लागतात, आणि ते इथे आहेत. एनजीएमएने ते प्रदर्शन आधी इकडे आणावं. कल्लाट यांचं काम त्यानंतर यावं, आणि गांधींचं ते भाषण सोबत मराठीत छापून प्रत्येकाच्या हातात द्यावं.