भिसे खिंडीतली फियाट आणि ॲम्बॅसेडर

जुन्या गाड्यांवर मराठीत जे लिहिले जाते, त्यात एक निकाल ठरलेला असतो : फियाट चपळ, ॲम्बॅसेडर सुस्त. मीही अनेक वर्षे हेच म्हणत आलो. पेणला काकांकडे फियाट होती. नागोठण्याहून रोह्याकडे जाताना भिसे खिंडीच्या चढावर ती ॲम्बॅसेडरला मागे टाकते, हे मी मागच्या सीटवरून पाहिले होते. पाहिलेले खोटे नव्हते. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला.

आधी दोघींचे कूळ पाहू. ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज 3. बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती 2014 पर्यंत बनत राहिली. फियाट 1100 इटलीची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बने. 1970च्या दशकात तिचे नाव 'पद्मिनी' झाले, तरी कोकणात ती फियाटच राहिली.

आता आकडे. फियाटचे इंजिन 1089 सीसी, ॲम्बॅसेडरचे बराच काळ 1489 सीसी. फरक बरोबर 400 सीसीचा. शक्ती ढोबळमानाने 40 आणि 50 अश्वशक्ती. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे 900 आणि 1100 किलो. म्हणजे दर अश्वशक्तीमागे फियाटला साडेबावीस किलो ओढावे लागतात, ॲम्बॅसेडरला बावीस. रिकाम्या गाड्या जवळजवळ बरोबरीच्या!

आता दोन्हींत साठ किलोची आठ माणसे बसवा. फियाटचा भार होतो दर अश्वशक्तीमागे 34.5 किलो, ॲम्बॅसेडरचा 31.6. माणसे वाढतात तशी चढावर फियाटच मागे पडायला हवी. गिअरचे प्रमाण, इंजिनाची झीज, चालकाचा हात या हिशेबात नाहीत. पण सुस्तीचा आरोप एवढ्यानेही डळमळतो.

मग मी पाहिले ते काय? काकांच्या गाडीत काका, काकू आणि मी. पुढच्या ॲम्बॅसेडरमध्ये वऱ्हाड : पुढे तिघे, मागे पाच, मांडीवर पोरे, टपावर ट्रंका. मी दोन गाड्यांची नव्हे, दोन ओझ्यांची तुलना करत होतो. आठ जणांच्या वऱ्हाडाला जी पुरते, तिलाच वऱ्हाड मिळते, आणि वऱ्हाड वाहते म्हणून तीच सुस्त ठरते.

फियाटची चपळाई मात्र निव्वळ भ्रम नव्हे. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर सुमारे पाच इंचांनी कमी. पेणच्या बाजारपेठेतल्या अरुंद वळणांवर हलकी, आखूड गाडी सोपी जाते. पण हा गुण गल्लीतला. तो आपण खिंडीतही लावून टाकला.

शिवाय 'कोणती निवडावी' हा प्रश्नच आज मागे वळून विचारलेला आहे. परवान्यांच्या त्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. पुष्कळांनी मिळेल ती गाडी घेतली आणि पुढे तिचीच बाजू घेतली. काकांचा अभिमान असाच होता. माझा त्यांच्याकडून आलेला.

म्हणून या दोन गाड्यांच्या तुलनेत वेगाआधी एक रकाना हवा : गाडीत माणसे किती होती? तो भरला असता, तर खिंडीत मागे राहिलेल्या त्या ॲम्बॅसेडरला मी इतकी वर्षे हसलो नसतो.