गोष्ट संपल्यावर गप्प राहणं

या मालेत आजवर आपण कांट, स्पिनोझा, नागार्जुन अशा मंडळींशी झटापट केली. आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, ‘सर, तब्येत बरी आहे ना?’ (हशा) तब्येत बरी आहे. आज आपण लहान मुलांना वाचून दाखवायच्या चार पुस्तकांविषयी बोलणार आहोत, आणि नेहमीच्याच गांभीर्यानं बोलणार आहोत. कारण या पुस्तकांपुढे आम्ही सपशेल नापास झालो. ते कसं, हे सांगितल्याशिवाय त्यांची समीक्षा पुरी होणार नाही.

पुस्तकं अमेरिकेतली. लेखक आणि चित्रकार एकच, अर्नोल्ड लोबेल. जन्म १९३३चा, मृत्यू १९८७चा. ‘फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स’ हे पहिलं पुस्तक १९७० साली आलं. मग १९७२ साली ‘फ्रॉग अँड टोड टुगेदर’, १९७६ साली ‘फ्रॉग अँड टोड ऑल इयर’ आणि १९७९ साली ‘डेज विथ फ्रॉग अँड टोड’. प्रत्येकात पाच गोष्टी, म्हणजे एकूण वीस. नुकतं अक्षर लावायला लागलेल्या मुलांसाठी ‘आय कॅन रीड’ नावाची एक माला आहे, तिच्यात ही पुस्तकं निघाली. म्हणून वाक्यं आखूड, शब्द रोजचे. चित्रांतले रंगही मोजके, मुख्यतः हिरवा आणि तपकिरी. फ्रॉग उंच, उत्साही, समजूतदार. टोड बुटका, कुरकुऱ्या, चटकन खचणारा. दोघे शेजारी नाहीत, पण चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहतात. वीसही गोष्टींत बहुतेक एवढंच घडतं, की एक जण दुसऱ्याच्या घरी जातो.

आमच्या सुनेनं ही पुस्तकं नातीसाठी आणली. नात तेव्हा पाच वर्षांची. इंग्रजी तिला येत नव्हतं, तेव्हा पान समोर धरून तोंडानं मराठी करत जायचं काम आमच्याकडे आलं. पहिल्याच पानावर अडलो. घरातल्या मराठीत दोघेही बेडूकच. टोडला ‘भेक’ असा शब्द आहे, पण तो शास्त्राच्या पुस्तकातला. त्याला हाक मारता येत नाही. शेवटी फ्रॉग आणि टोड ही त्यांची नावंच ठेवली. दुसरी अडचण ‘विल पॉवर’ची. टोड कुकीज भाजून आणतो, त्या इतक्या फर्मास होतात की दोघांना खाणं थांबवता येत नाही, आणि मग फ्रॉग म्हणतो की आपल्याला विल पॉवर हवी. ‘इच्छाशक्ती’ म्हटलं की शाळेची घंटा ऐकू येते. ‘संयम’ म्हटलं की कीर्तन सुरू होतं. आम्ही ‘मन आवरणं’ असं केलं आणि कुकीजच्या जागी नानकटाई आणली. चाललं.

आता नापास होण्याची हकिगत. ‘कुकीज’ची गोष्ट अशी. दोघे नानकटाई डब्यात ठेवतात. पण डबा उघडता येतो. दोरी बांधतात, पण दोरी कापता येते. शिडी लावून उंच फळीवर ठेवतात. पण शिडीवर परत चढता येतं. शेवटी फ्रॉग सगळी नानकटाई पाखरांना घालून टाकतो. टोड हळहळतो. फ्रॉग त्याची समजूत घालतो, की आता आपल्याजवळ भरपूर विल पॉवर आहे. त्यावर टोड म्हणतो, ती सगळी तूच ठेव, मी घरी जाऊन केक करतो. गोष्ट संपली.

मित्रहो, आम्ही जवळजवळ चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या सातव्या प्रकरणाचा मोठा भाग याच प्रश्नावर आहे: चांगलं काय ते कळत असूनही माणूस उलटं का वागतो? सॉक्रेटिस म्हणायचा, असं होऊच शकत नाही, कळलं असेल तर वळेलच. आपल्याकडे हीच कबुली दुर्योधनाच्या तोंडी घातलेली आहे. इतकं सगळं हाताशी असताना आम्ही गप्प कसे बसणार? पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘मग बाळा, आपण यातून काय शिकलो?’

नात म्हणाली, ‘आबा, गोष्ट संपली.’

आम्ही तरीही थोडं सांगितलंच. दुसऱ्या दिवशी ‘द गार्डन’ वाचली. टोड बी पेरतो, त्याच्यावर ओरडतो, उगव म्हणतो. मग बी घाबरलं असेल म्हणून त्याला गोष्टी वाचून दाखवतो, गाणी म्हणतो, व्हायोलिन ऐकवतो. बी उगवतं, आणि टोडला वाटतं की हे आपल्या कष्टांनी झालं. आपल्या परंपरेतल्या काकतालीय न्यायाचा याहून गोड नमुना मिळणार नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आम्ही तेही समजावलं. असे पाचसहा दिवस गेले. मग एका संध्याकाळी नात पुस्तक घेऊन आली आणि आमच्या खुर्चीवरून सरळ पुढे आजीकडे गेली. त्या दिवसापासून वाचनाचं काम आजीकडे.

याला तुम्ही हसाल. आम्हाला मात्र लागलं. वर्गात विद्यार्थी पेंगतात, त्याची सवय असते. पण आपलं बोलणं नको म्हणून मूल उठून जातं, हे वेगळं.

दाराशी उभं राहून आम्ही ऐकायला लागलो. आजीचं इंग्रजी आमच्याइतकं नाही. ती अडखळत, चित्रं बघत सांगायची. आणि गोष्ट संपली की काहीच बोलायची नाही. हात पुस्तकावर तसाच. त्या रात्री ‘स्प्रिंग’ होती, मालेतली अगदी पहिली गोष्ट. वसंत आला म्हणून फ्रॉग टोडला उठवायला जातो. टोड नोव्हेंबरपासून झोपलेला. तो म्हणतो, मला अर्धा मे उलटला की उठव. फ्रॉग म्हणतो, तोवर मला एकट्याला करमणार नाही. पण टोड झोपलेला. मग फ्रॉग भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फाडत जातो. नोव्हेंबर, डिसेंबर, करत एप्रिलपर्यंत येतो. खरा महिना एप्रिलच आहे. तो एप्रिलचंही पान फाडतो आणि टोडला उठवतो, मे आला म्हणून. टोड कॅलेंडर बघतो, त्याला पटतं, दोघे बाहेर पडतात.

आजी गप्प. बऱ्याच वेळानं नात म्हणाली, ‘फ्रॉग खोटं बोलला ना गं?’

आजी म्हणाली, ‘हं.’

पुन्हा शांतता. मग नात म्हणाली, ‘पण तो एकटा होता.’ आणि आणखी थोड्या वेळानं, ‘टोडला कळलं तर?’

मित्रहो, कांटनं १७९७ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. प्रेमापोटीसुद्धा, जीव वाचवण्यासाठीसुद्धा खोटं बोलण्याचा हक्क माणसाला नाही, हा त्याचा दावा. तो निबंध आम्ही कितीतरी वर्षं शिकवला. दोन व्याख्यानांनंतर एखादा विद्यार्थी ज्या प्रश्नापाशी येतो, तिथे ही पोर चार मिनिटांत आली होती. आणि ती आली, कारण मध्ये कोणी बोललं नाही. गॅरेथ मॅथ्यूज या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९८० साली ‘फिलॉसॉफी अँड द यंग चाइल्ड’ हे पुस्तक लिहिलं. लहान मुलं खऱ्या अर्थानं तत्त्वचिंतन करतात, हे त्याचं म्हणणं. आम्ही ते वाचलं होतं, वर्गात त्याचा हवालाही दिला होता. दाराशी उभे राहिलो तेव्हा ते कळलं.

आता समीक्षेकडे. आमचं म्हणणं एवढंच आहे: या गोष्टींत तात्पर्य नाही, ही त्यांची सगळ्यात मोठी कमाई आहे, आणि ती लेखकानं जाणून मिळवलेली आहे. पुरावा त्याच्याच दुसऱ्या पुस्तकात. १९८० साली लोबेलनं ‘फेबल्स’ नावाचं पुस्तक केलं. त्यातही वीसच गोष्टी, प्रत्येक एका पानाची, आणि प्रत्येकीखाली तात्पर्य. चित्रांसाठी त्याला १९८१ सालचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. म्हणजे तात्पर्य लिहिता येत नव्हतं असं नाही. फ्रॉग आणि टोडला त्यानं ते लावलं नाही.

आपण इसापनीती आणि पंचतंत्रावर वाढलो. त्यांना आम्ही कमी लेखत नाही. पंचतंत्राचा तर जन्मच राजपुत्रांना शहाणं करण्यासाठी झाला. पण त्यामुळे आपल्याकडे लहान मुलाला गोष्ट सांगणं म्हणजे साखरेत घोळून औषध देणं, अशी समजूत पक्की बसली आहे. फ्रॉग आणि टोडच्या गोष्टी शेवटाकडे आल्या की आपलं मन आपोआप औषध शोधतं, आणि तिथे ते नसतं.

‘अ स्विम’ घ्या. टोडला पोहण्याच्या पोशाखात कोणी बघायला नको असतं, कारण तो त्यात विचित्र दिसतो. शेवटी थंडीनं कुडकुडत त्याला पाण्याबाहेर यावंच लागतं. नदीकाठचे सगळे प्राणी हसतात. आणि फ्रॉग? फ्रॉगही हसतो. टोड आपले कपडे उचलतो आणि घरी जातो. एवढंच. माफी नाही, ‘कोणाला हसू नये’ नाही. दुसरा लेखक असता तर फ्रॉगला टोडच्या बाजूनं भाषण करायला लावलं असतं. लोबेलला ठाऊक आहे, की जिवलग मित्रालाही कधी हसू आवरत नाही आणि मैत्री तरीही टिकते. मुलांनाही ते ठाऊक असतं. रोज शाळेत तेच चालतं.

आता ‘द लेटर’. टोडला कधीच पत्र येत नाही, म्हणून तो रोज टपालाच्या वेळी उदास असतो. फ्रॉग घरी जाऊन त्याला पत्र लिहितो आणि पोचवायला देतो ते एका गोगलगायीकडे. मग टोडकडे येऊन वाट बघतो. पत्र येत नाही. शेवटी न राहवून फ्रॉग सांगून टाकतो, की मीच पाठवलंय, आणि त्यात काय लिहिलंय तेही सांगतो. दोघे ओसरीवर बसून राहतात. चार दिवसांनी गोगलगाय पोचते, आणि टोडला अतिशय आनंद होतो.

इथे थांबा जरा. पत्रातला मजकूर आधीच कळलेला आहे. माहिती म्हणून त्या पत्राची किंमत शून्य. मग आनंद कशाचा? मूल तीच गोष्ट तिसाव्यांदा का मागतं, याचं उत्तर आम्हाला इथे सापडलं. पुढे काय होणार ते त्याला पाठ असतं. त्याला कोणीतरी शेजारी बसून ते पुन्हा आणून द्यायला हवं असतं. वाचून दाखवणं म्हणजे हेच. आम्ही शिकवत होतो तेव्हा मजकूर देत होतो. आजी शेजारी बसत होती.

पुस्तकं निर्दोष आहेत असं नाही. ‘द सरप्राइज’मध्ये दोघे गुपचूप एकमेकांच्या अंगणातला पालापाचोळा गोळा करतात, वारा येऊन तो उडवतो, आणि दोघांनाही वाटतं की आपण मित्राला खूश केलं. रचना इतकी चोख, की तिच्यात कारागीर दिसतो. फ्रॉगचा समजूतदारपणा अधूनमधून जड होतो. टोडनं त्याला कधी झापलं असतं तर बरं, असं वाटतं. आणि या जगात बायामुली जवळजवळ नाहीतच. त्यावर नातीनं आपला तोडगा काढला. एका रात्री तिनं आजीला सांगितलं, ‘आज टोड मुलगी.’ मग ‘टोड म्हणाली’, ‘टोड रुसली’ असं वाचन झालं. मराठीत क्रियापदच बदलावं लागतं, त्यामुळे आजीची तारांबळ उडाली. पण गोष्टीचं काही बिघडलं नाही.

आणखी एक मुद्दा. लोबेलनं १९७४ साली आपण समलिंगी असल्याचं कुटुंबाला सांगितलं. या पुस्तकांत त्याची सुरुवात दिसते, असं त्याच्या मुलीला वाटतं. ते वाचन आम्हाला योग्य वाटतं, पण पुस्तक त्याचाही आग्रह धरत नाही. दोन जिवांना एकमेकांवाचून करमत नाही, इतकं ते सांगतं आणि थांबतं.

शेवटची गोष्ट, चौथ्या पुस्तकाच्याही शेवटची, ‘अलोन’. टोड फ्रॉगच्या घरी जातो तर दारावर चिठ्ठी: मी घरी नाही, मला एकटं राहायचं आहे. टोड घाबरतो. हा दुःखी असेल, आपला कंटाळा आला असेल. सँडविच आणि गार चहा घेऊन, कासवाच्या पाठीवर बसून, तो फ्रॉग बसलेल्या बेटाकडे निघतो. वाटेत पाण्यात पडतो, सगळं भिजतं, चहा सांडतो. फ्रॉग त्याला सांगतो, की मी सुखी आहे. सगळं किती छान आहे याचा विचार करायला मला एकटं बसायचं होतं. मग दोघे तिथेच बसून राहतात.

टोडची ती भीती आम्ही ओळखतो. पुस्तक घेऊन नात आजीकडे गेली, तेव्हा आम्हालाही हेच वाटलं होतं. ही गोष्ट आम्ही तिला वाचून दाखवली, कारण त्या दिवशी आजी गावाला गेली होती. (हशा) संपल्यावर तोंड मिटून बसलो. फार कठीण गेलं. विल पॉवर म्हणतात ती हीच असावी. थोड्या वेळानं तिनं वर बघितलं. ‘आबा, आज तू काही सांगणार नाहीस?’

‘नाही.’

‘मग परत वाच,’ ती म्हणाली.

आम्ही परत वाचली.