क्रूसाभोवतीची चार अक्षरे

ब्रीदवाक्यांकडे साहित्य म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. पताकेवर विणलेल्या वा ढालीवर कोरलेल्या चार शब्दांची समीक्षा ती काय करावयाची, असे कोणी विचारील. परंतु ज्या शब्दांसाठी माणसे मरतात आणि मारतातही, ते शब्द एखाद्या कादंबरीइतक्याच काळजीने वाचले पाहिजेत असे आम्हांस वाटते. सर्बियन लोकांची ब्रीदवाक्ये आम्ही निवडली त्याला कारण आहे. त्यांतील कित्येकांच्या मध्यभागी क्रूस उभा आहे, आणि तो आपल्याही घराच्या भिंतीवर आहे.

सर्वांत प्रसिद्ध ब्रीदवाक्य असे: ‘सामो स्लोगा सर्बिना स्पासावा’. केवळ एकजूटच सर्बाला तारते, हा त्याचा अर्थ. चार शब्द, चारही ‘स’पासून सुरू होणारे. सिरिलिक लिपीतील ‘स’ हे अक्षर अर्धवर्तुळासारखे दिसते. सर्बियाच्या राजचिन्हात तांबड्या ढालीवर पांढरा क्रूस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत अशीच चार वळणे आहेत. लोक ती या चार शब्दांची आद्याक्षरे म्हणून वाचतात. हे वाक्य संत सावा यांचे, अशी जनमानसाची श्रद्धा आहे. राजपुत्र असलेले सावा संन्यस्त झाले आणि 1219 साली सर्बियन चर्चचे पहिले आर्चबिशप झाले. अशा पुरुषाच्या मुखी हे वाक्य शोभून दिसते, यात शंका नाही.

परंतु चिन्ह आधीचे आहे आणि वाक्य त्यावर मागाहून चढविलेले आहे. चार कोपऱ्यांचा हा क्रूस बायझंटाइन सम्राटांच्या पालायोलोगोस घराण्याचा. त्यातील आकृत्यांना काही अभ्यासक ग्रीक ‘बीटा’ अक्षरे मानतात, तर काही जण गारगोटीवर मारून ठिणगी पाडण्याचे पोलादी साधन मानतात. सर्बियन भाषेत त्यांना आजही ‘ओत्सिला’ म्हणजे ठिणगी पाडण्याची साधनेच म्हणतात. शिवाय त्या ‘अक्षरांपैकी’ डावीकडची दोन उलटी आहेत, ही गोष्ट वाचणाऱ्यांना कधी खटकली नाही. चिन्हात मनाला हवे ते वाचणे हा लोकप्रतिभेचा हक्कच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार क्रियापदाबद्दल आहे. ‘स्पासावा’ हे क्रियापद ज्या धातूचे, त्याच धातूपासून ‘स्पासितेल्य’ म्हणजे तारणारा हा शब्द होतो, आणि तो प्रभू ख्रिस्ताचे नाव म्हणून सर्बियन प्रार्थनांत येतो. वाक्याने तारण्याचे काम क्रूसाकडून काढून एकजुटीकडे दिले आणि वर ‘केवळ’ हा शब्द जोडला. क्रूस मधोमध आहे खरा, पण वाक्यात त्याचा उल्लेखही नाही.

दुसरे ब्रीदवाक्य मात्र क्रूसाचे नाव घेते: ‘पूज्य क्रूसासाठी आणि सोनेरी स्वातंत्र्यासाठी’. हे लोकगाथांच्या मुशीतून आलेले असून त्याची लय दहा अक्षरांच्या जुन्या वीरकाव्याची आहे. 1389 च्या कोसोवोच्या लढाईची स्मृती आणि 1804 पासूनचे ओटोमन सत्तेविरुद्धचे उठाव यांच्या भोवती ते घोळत राहिले. शतकानुशतके परसत्तेखाली राहिलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी ते आम्हांस खरोखर सुंदर वाटते. येथे एक योगायोग सांगितला पाहिजे. क्रूसाच्या चिन्हाखाली विजय मिळेल, असा संकेत 312 साली ज्याला लाभल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, तो सम्राट कॉन्स्टंटाइन आजच्या सर्बियातील निश या गावी जन्मला. क्रूस आणि तलवार यांची पहिली गाठ बांधणारा माणूस त्याच मातीतला होता!

आता 1941 सालाकडे वळू. 25 मार्च रोजी युगोस्लाव्हियाने जर्मनीच्या गटाशी करार केला. 27 मार्च रोजी बेलग्रेडच्या रस्त्यांवर लोक उतरले आणि त्यांनी घोषणा दिली: ‘बोल्ये ग्रोब नेगो रोब’, गुलाम होण्यापेक्षा थडगे बरे. ‘ग्रोब’ म्हणजे थडगे, ‘रोब’ म्हणजे गुलाम. थडग्यातले एक अक्षर गळले की गुलाम उरतो. आम्ही वाचलेल्या सर्व सर्बियन घोषणांत ही सर्वश्रेष्ठ. कारण ती किंमत सांगते आणि ती किंमत बोलणाऱ्यानेच द्यावयाची आहे. ती दिलीही गेली. 6 एप्रिलला, आपल्या झावळ्यांच्या रविवारी, जर्मन विमानांनी बेलग्रेड भाजून काढले. हजारो माणसे मेली, आणि राष्ट्रीय ग्रंथालय त्यातील प्राचीन हस्तलिखितांसह जळाले.

याच ब्रीदवाक्यांचे 1990 नंतर काय झाले, ते वाचताना मन विषण्ण होते. 1989 च्या 28 जूनला कोसोवोच्या रणभूमीवर, लढाईच्या सहाशेव्या स्मृतिदिनी, स्लोबोदान मिलोशेविच यांनी सर्बांच्या फुटीरपणाबद्दल खंत केली. पुढे ‘केवळ एकजूट’ची ती चार अक्षरे क्रोएशिया व बोस्नियात इतरांच्या घरांच्या भिंतींवर रंगविली गेली. 18 नोव्हेंबर 1991 रोजी वुकोवार पडले. तेथील रुग्णालयातून नेलेल्या दोनशेच्या आसपास लोकांना ओव्चारा येथे ठार मारण्यात आले. त्यांतील बहुतेक क्रोएशियन, म्हणजे आपल्याच पंथाचे. अक्षरे तीच होती, फक्त भिंत दुसऱ्याची होती. वाक्याच्या आत ‘दुसरा’ कोण हे सांगितलेले नसले की ती जागा कोणीही भरू शकतो.

येथे कॅथलिक वाचकाने सर्बांकडे बोट दाखवून थांबू नये. ‘घरासाठी सज्ज’ ही उस्ताशांची घोषणा वरवर पाहता किती निरुपद्रवी, किती कुटुंबवत्सल! 1941 ते 1945 या काळात त्यांच्या राज्याने यासेनोवाचच्या छावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल केली. तेथील स्मारकाच्या यादीत 83,145 नावे आहेत. ही घोषणा देणारे स्वतःला कॅथलिक म्हणवीत होते, आणि त्यांच्याही घरी क्रूस होता. हे आम्ही समतोल साधण्यासाठी लिहीत नाही. क्रूसाचा उच्चार करणारी घोषणा वाचताना आपले मन आधीच अर्धे विरघळलेले असते, म्हणून लिहितो.

सर्बियन तरुणांनी पुढे आपली भाषा स्वतःच बदलली, ही समाधानाची गोष्ट. 2000 साली ‘ओत्पोर’ या विद्यार्थी चळवळीने ‘गोतोव ये’, म्हणजे ‘तो संपला’, ही चिठ्ठी गावोगाव डकविली. त्यात ना राष्ट्र, ना क्रूस, ना कोणाचे नाव. तरी तो कोण हे साऱ्यांना ठाऊक होते. 5 ऑक्टोबर रोजी मिलोशेविच यांची सत्ता कोसळली. वाङ्मय म्हणून ही घोषणा किरकोळ, परंतु नेमकी.

1 नोव्हेंबर 2024 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, नोवी साद येथील रेल्वे स्थानकाचे छत कोसळले. पुढील महिन्यांत मृतांची संख्या सोळावर गेली. विद्यार्थ्यांनी भ्रष्टाचाराविरुद्ध ‘तुमचे हात रक्ताळलेले आहेत’ ही घोषणा दिली. परंतु सकाळी 11 वाजून 52 मिनिटांनी, म्हणजे छत पडले त्या वेळी, ते रस्ते अडवून पंधरा मिनिटे काहीही न बोलता उभे राहू लागले. सोळावी व्यक्ती दगावली, तेव्हा त्यांनी आणखी एक मिनिट वाढविले.