सिम्युलेटरवरचे उड्डाणाचे धडे : एक परीक्षण

घरच्या संगणकावर विमान चालवायला शिकवणारे धडे आता नवीन राहिलेले नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’ची पहिली आवृत्ती १९८२ साली आली. २००६ च्या आवृत्तीतील धडे रॉड मचाडो या अनुभवी उड्डाण-प्रशिक्षकाने तयार केले होते. २०२० च्या आवृत्तीत अमेरिकेतील सेडोना येथे सेसना १५२ या दोन आसनी विमानावर धडे दिले जातात. चित्रे हुबेहूब आहेत, सूचना स्पष्ट आहेत. मात्र हे धडे पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘आपल्याला विमान चालवता येते’ असे वाटू लागते. हा समज कितपत खरा आहे, ते तपासून पाहू.

प्रथम सिम्युलेटरची जमेची बाजू. एडविन लिंक यांनी १९२९ साली आपले सराव-यंत्र तयार केले. १९३४ मध्ये अमेरिकेत टपाल वाहून नेण्याचे काम लष्करी वैमानिकांकडे आले, आणि खराब हवेत अनेकांचे बळी गेले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची यंत्रे विकत घेतली. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही. अशा वेळी आपल्या कानातील अर्धवर्तुळाकृती नलिका फसवतात : विमान वळत असूनही ते सरळ चालले आहे असे वाटते. तेव्हा शरीर काय सांगते ते बाजूला ठेवून केवळ उपकरणांवर विसंबावे लागते. हे कौशल्य जमिनीवर बसून उत्तम शिकता येते. इंजिन बंद पडल्यास काय करावे, याचा सरावही सिम्युलेटरवर सुरक्षितपणे होतो.

परंतु नवशिक्याचा अभ्यासक्रम येथून सुरू होत नाही. स्वच्छ हवेत, बाहेरचे क्षितिज पाहत, हाताला आणि अंगाला काय जाणवते ते ओळखत विमान चालवणे, हा त्याचा पहिला धडा असतो. म्हणजे घरगुती सिम्युलेटर जेथे सर्वांत दुबळा आहे, नेमकी तेथूनच त्याच्या धड्यांची सुरुवात होते.

हाताचे उदाहरण घ्या. सेसनासारख्या लहान विमानात चाक ओढताना जो जोर लागतो, तो शेपटीवरील हलत्या पट्टीवर पडणाऱ्या हवेच्या दाबामुळे. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. त्यामुळे चाक ‘जड’ की ‘सैल’ यावरून वैमानिकाला वेगाचा अंदाज येतो. घरच्या साध्या जॉयस्टिकमध्ये मात्र स्प्रिंग असते, आणि तिला विमानाचा वेग ठाऊक नसतो. हातावरचा भार नाहीसा होईपर्यंत फिरवायचे ‘ट्रिम’चे लहान चाक तर अशा जॉयस्टिकवर नीट शिकवताच येत नाही, कारण नाहीसा करायचा भारच तेथे खोटा असतो.

आता अंगाचे उदाहरण. उंची न सोडता ६० अंश कलून वळण घेताना पंखांना दुप्पट भार पेलावा लागतो. ६० किलोग्रॅमच्या विद्यार्थ्याला आपले वजन १२० किलोग्रॅम झाल्यासारखे वाटते. ज्या वेगाखाली पंख विमान तोलून धरू शकत नाहीत, तो स्टॉलचा वेगही सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. खऱ्या विमानात शरीर हा धोक्याचा इशारा देते. घरची खुर्ची गप्पच असते.

डोळ्यांचे तसेच. विमान उतरवताना जमीन किती खाली आहे, हे कडेच्या नजरेने ओळखावे लागते. हातभर अंतरावरचा पडदा आपल्या दृष्टिक्षेत्रातील सुमारे ५० अंशच व्यापतो. विद्यार्थी मग आकडे दाखवणाऱ्या तबकड्यांकडे पाहत राहतो. डोक्यावर चढवायच्या पडद्यांनी ही उणीव काहीशी भरून निघते, पण भार आणि जोर यांची उणीव राहतेच.

याहून मोठा दोष वेगळाच आहे. अपुरे शिकलेले पुढे पुरे करता येते. चुकीची लागलेली सवय मोडावी लागते. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे एअरबस ए३०० विमान कोसळून २६५ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे गेलेल्या विमानाने ढवळलेल्या हवेत शिरल्यावर सहवैमानिकाने शेपटीचे सुकाणू आलटून पालटून जोराने फिरवले आणि उभी शेपटी तुटून पडली. चौकशीत सुकाणूच्या रचनेबरोबरच कंपनीच्या प्रशिक्षणातील काही भागही कारणीभूत ठरवण्यात आला. तेथील सिम्युलेटरच्या सरावात अशा हवेचा परिणाम वास्तवापेक्षा फार मोठा दाखवला जात असे. व्यावसायिक यंत्राची ही कथा, तर घरच्या संगणकावर डोळे झाकून विश्वास कसा ठेवावा?

नियम करणाऱ्यांनी ही मर्यादा ओळखली आहे. अमेरिकेत खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी सर्वसाधारण नियमानुसार किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यात किमान २० तास प्रशिक्षकासोबत आणि १० तास एकट्याने. मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे फार तर अडीच तास त्यात धरले जातात. एकट्याने केलेल्या उड्डाणाला तर पर्यायच नाही. तेथे ‘पुन्हा सुरुवात करा’ असे बटण नसते, आणि इंधनात पाणी नाही ना, हे उड्डाणापूर्वी आपणच तपासायचे असते.

शिक्षकांसाठी हा प्रश्न केवळ विमानांचा नाही. आज शाळांतही लंबक, भिंगे, विद्युतमंडले संगणकाच्या पडद्यावर दाखवली जातात. ती जरूर दाखवावीत. पण प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावेत : या प्रतिरूपातून काय गाळले आहे? आणि गाळलेले आपण प्रत्यक्ष कसे अनुभवू शकतो? टेबलफॅनसमोर एक पुठ्ठा तिरका धरायला सांगा आणि पंख्याचा वेग वाढवत न्या. मनगटाला जो फरक जाणवेल, तो सिम्युलेटरच्या धड्यांत मिळत नाही.