‘बुडणे’चा विरुद्धार्थ

‘अँटोनिम’ ही संज्ञा चार्ल्स जॉन स्मिथ याने 1867 मध्ये ‘सिनोनिम’ला जोड म्हणून घडवली. आपण तिचे ‘विरुद्धार्थी शब्द’ केले आणि शालेय व्याकरणात दोन रकाने आखून मोकळे झालो. जॉन लायन्सने 1977 च्या ‘सिमँटिक्स’मध्ये ही संज्ञा उष्ण-थंड अशा तरतमभाव असणाऱ्या जोड्यांपुरती राखली, जिवंत-मृत, विकणे-विकत घेणे यांचे संबंध त्याने वेगळे मानले. (आपल्याकडील वैयाकरणांनी नञ्‌चे सहा अर्थ सांगितले, त्यांत विरोध हा केवळ एक, हे येथे आठवावे.) तरीही विरोध शब्दाशब्दांत असतो की प्रयोगाप्रयोगांत, हा प्रश्न उरतोच.

पाठ्यपुस्तकात ‘बुडणे × तरणे’ अशी जोडी असते. माणसापुरती ती ठीक. दिवस बुडतो तेव्हा त्याविरुद्ध ‘उगवणे’ येते, पैसे बुडतात तेव्हा ‘वसूल होणे’. इंदापूर तालुक्यातील मूळ पळसदेव उजनीच्या जलाशयात गेले. धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसनाथाचे प्राचीन देऊळ ‘उघडे पडते’. ते तरत नाही, उगवतही नाही. आणि गाव? ‘गाव बुडाले’ याला विरुद्धार्थी क्रियापद मराठीत मला सापडत नाही.

जवळ येते ती ‘उठणे-बसणे’ ही जोडी. गाव उठते, गाव बसते. परंतु दार लावल्याने दार उघडल्याची क्रिया जशी रद्द होते, तसे महामार्गालगत नवे पळसदेव बसल्याने जुन्याचे उठणे रद्द होत नाही. ‘पुनर्वसन’ या शासकीय शब्दातील ‘पुनर्’ मात्र नेमका तोच दावा करतो. ‘विस्थापन × पुनर्वसन’ ही जोडी व्याकरणाची नव्हे, प्रशासनाची आहे.

विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’सारखी (1991) धरणग्रस्तांची कादंबरी ‘धरण × गाव’ अशा द्विध्रुवी विरोधात बसवणे संरचनावादाच्या अभ्यासकाला सोपे असते. समीक्षेने तो मोह टाळावा. ‘बुडीत क्षेत्र’ आणि ‘लाभक्षेत्र’ हे शब्द नकाशावर परस्परांना वगळतात. पण उजनीच्या फुगवट्यालगत, जमीन गेलेला शेतकरी उरलेल्या रानातल्या उसाला त्याच जलाशयातून मोटारीने पाणी उचलतो. तो दोन्ही रकान्यांत आहे. दूरच्या माळावरचा कोरडवाहू शेतकरी एकातही नाही.