तिला कुणी शिकवलं?

नेटफ्लिक्सवर 'द माकानाई' नावाची जपानी मालिका आहे. हिरोकाझू कोरे-एदा या दिग्दर्शकाची, 2023 सालची. क्योटोत गेइशा व्हायला आलेल्या दोन मैत्रिणींची गोष्ट. एक नाचात वर वर जाते, दुसरीला नाच जमत नाही म्हणून ती त्याच घरात स्वयंपाकीण होते. मी आणि माझा रूममेट पुण्याच्या फ्लॅटवर दोन रात्रींत सगळे भाग संपवून बसलो. तो नागपूरचा. शेवटचा भाग संपल्यावर तो म्हणाला, ''आपल्याकडे असं काही असतं का रे?''

मी म्हटलं, असतं की. आमच्याच नगर जिल्ह्यात, जामखेडला आहे. पुण्यात आर्यभूषणला आहे. मोडनिंबला, चौफुल्याला आहे. संगीत बारी म्हणतात.

''मग एखादं पुस्तक सांग ना. म्हणजे त्या मुली शिकतात कशा, ते असलेलं.''

इथे माझी बोलती बंद झाली. पुस्तकं मला माहीत होती, पण प्रत्येक नाव ओठावर आलं की वाटायचं, याने विचारलं ते यात नाही. हा लेख म्हणजे त्याला तेव्हा न देता आलेलं उत्तर आहे.

आधी एक घोळ निस्तरतो, कारण तो माझ्याही डोक्यात बरीच वर्षं होता. माझं गाव घोडेगाव. नगर–संभाजीनगर रस्त्यावरचं, जनावरांच्या बाजाराचं आणि शिंगणापूरला वळायच्या फाट्याचं. आमच्याकडे 'तमाशा' म्हटलं की जत्रेतला तंबू, ट्रक, जनरेटरचा आवाज, आणि ''पोरांनो, घरी जा'' म्हणणारी मोठी माणसं. तो ढोलकीफडाचा तमाशा. त्याच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांत ठरतात आणि फड गावोगाव फिरतो. संगीत बारी वेगळी. तिथे बायकांची पार्टी असते, पार्टीची मालकीण असते, पेटी-तबला-ढोलकीवाले असतात. थिएटरात किंवा कलाकेंद्रात आळीपाळीने एकेका पार्टीची बारी लागते, आणि प्रेक्षक फर्माईश करतो. पार्ट्या तिथल्याच खोल्यांत राहतात. मंचावरचा कार्यक्रम झाला की खास लोकांसाठी खोलीत बैठक. गेइशाच्या जगाला जवळचं काही असेल तर ते हे. क्योटोतही मुली एका मालकिणीच्या घरात, ओकियात, राहतात आणि चहाघरातल्या बंद खोलीत मोजक्या पाहुण्यांपुढे कला दाखवतात. एके काळी त्यांचा वेळ उदबत्तीवर मोजत. जितक्या उदबत्त्या जळतील तितके पैसे. आपल्याकडे दौलतजादा.

आता पुस्तकांकडे येतो. गेइशांवरचं जगात सगळ्यात खपलेलं पुस्तक म्हणजे आर्थर गोल्डन यांची 1997 सालची कादंबरी 'मेमॉयर्स ऑफ अ गेइशा'. 2005 मध्ये तिच्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला, त्यात मुख्य गेइशांची कामं जपानी नट्यांना न देता झांग झियी, गाँग ली, मिशेल यो यांना दिली. गोल्डन यांना माहिती देणाऱ्यांत मिनेको इवासाकी ही क्योटोची नामवंत निवृत्त गेइशा होती. नाव गुप्त राहील असं तिला वाटलं होतं, पण पुस्तकात तिचे जाहीर आभार मानले गेले. शिवाय कादंबरीत नायिकेच्या कौमार्याचा लिलाव होतो, ती आपलीच गोष्ट समजली जाणार म्हणून ती भडकली. तिने 2001 मध्ये दावा लावला, 2003 मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. दरम्यान 2002 मध्ये तिचं स्वतःचं आत्मचरित्र इंग्रजीत आलं.

दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली. कादंबरी जास्त रंगते, हे खरं आहे. पण इवासाकीच्या पुस्तकात मी जिथे थांबलो ती जागा वेगळीच होती. नाचाच्या शाळेतली मोठी बाई तिला एकदा फक्त ''थांब'' म्हणते. मारत नाही, शिवी देत नाही. नाच थांबव. त्या शाळेत याहून मोठी शिक्षा नाही, आणि ती पोर हादरून जाते. तो प्रसंग वाचताना कळतं की या बाईचं आयुष्य कशाभोवती फिरत होतं. पुरुष त्यात आहेत, पैसा आहे, इतर बायकांचा मत्सरही भरपूर आहे. पण मध्यभागी शिक्षण आहे. ती तेच आपल्याला दाखवत राहते. 1980 साली, ऐन तिशीच्या आत, ती निवृत्त झाली. त्यामागेही शिक्षणाची ही जुनाट पद्धत बदलत नाही, हा राग होता.

त्यांच्याकडे शिकण्याच्या प्रत्येक टप्प्याला नाव आहे. त्यातलं मला आवडलेलं नाव 'मिनाराई'. अर्थ साधा: बघून शिकणं. काही आठवडे मुलगी मोठ्या बहिणीबरोबर चहाघरात जाते आणि नुसती बसते. (आमच्याकडे फ्रेशरला क्लायंट कॉलवर म्यूट करून बसवतात, ते हेच. फक्त आमचा पोशाख स्वस्त असतो.) ही 'मोठी बहीण' रक्ताची नसते, शिकवणारी असते, आणि तिच्या नावातलं एक अक्षर धाकटीला मिळतं. लायझा डाल्बी ही अमेरिकन अभ्यासक सत्तरच्या दशकात क्योटोच्या पोंतोचो गल्लीत राहिली. तिथल्या इचिउमे या गेइशाची ती धाकटी बहीण झाली आणि तिला नाव मिळालं इचिगिकु. नाव ऐकलं की जाणकाराला कळतं, ही कुणाच्या हाताखालची.

आता आपली नावं बघा. यमुनाबाई वाईकर. सत्यभामाबाई पंढरपूरकर. गुलाबबाई संगमनेरकर. कांताबाई सातारकर. शकुंतलाबाई नगरकर. बाई कुठल्या गावची ते कळतं, एसटीच्या पाटीसारखं. तिला कुणी शिकवलं हे नावात कुठेच नाही. बापाचं नाव नाही याची चर्चा पुष्कळ होते, गुरूचं नाव नाही याची होत नाही.

मराठीत या जगावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर', 1994 सालचं. आईचं नाव मधल्या नावाच्या जागी लावलेलं. काळे डॉक्टर झाले आणि 2007 मध्ये अपघातात गेले. हे पुस्तक मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर वाचलं आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. मुलीच्या कमाईवर बसून खाणारा आजोबा, 'चिरा उतरवणं' या नावाखाली चालणारा व्यवहार, आई असून आई न मिळणं. इथे लेखक काहीही झाकत नाही. इवासाकी जिथे सांगते की असले लिलाव आमच्याकडे नव्हतेच, तिथे काळे सांगतात की आमच्या घरात हे झालं आणि पैसे यांनी घेतले. हे लिहायला जी छाती लागते ती वेगळी, आणि तिच्यापुढे इवासाकीचं पुस्तक थोडं चकचकीतच वाटतं.

पण या पुस्तकात 'शिक्षण' हा शब्द आला की त्याचा अर्थ शाळा. पाटी, फी, परीक्षा, मेडिकलची ॲडमिशन. ते तसंच असणार, कारण ही त्या जगातून बाहेर पडणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. त्याच्यासाठी नाच म्हणजे आईला त्याच्यापासून तोडणारी गोष्ट. मग त्या नाचाला किती वर्षं लागली, ताल कुणी अंगात भिनवला, हे त्याने का सांगावं? दोष त्याचा नाहीच. दोष आम्हा वाचकांचा आहे, ज्यांनी हे एक पुस्तक वाचलं आणि या बायकांबद्दल सगळं कळलं असं धरून चाललो.

विठाबाई नारायणगावकरांचंही असंच. फेसबुकवर वर्षातून दोनदा तरी एक पोस्ट फिरते: पोट भरलेलं असताना विठाबाई नाचत होत्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि परत मंचावर उभ्या राहिल्या. खाली रडण्याचे इमोजी. योगीराज बागूल यांनी विठाबाईंचं अख्खं चरित्र लिहिलंय, पण समाजाच्या लक्षात राहिली ती एक रात्र. ती भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात वाढलेली पोर. वडील आणि चुलता दोघेही कसलेले. म्हणजे घरातच विद्यापीठ होतं. तिचा आवाज कसा लागायचा, ती कुठे थांबायची, हे विचारणारी एकही पोस्ट मला अजून दिसलेली नाही. दगड मात्र सगळ्यांना पाठ आहे.

सिनेमांविषयी लांबण लावत नाही. 'पिंजरा'त (1972) नाचणारी बाई मास्तरांना बिघडवण्यासाठी आहे, आणि पुढच्या कितीतरी सिनेमांत ती कुणाच्या तरी आयुष्यात वादळ आणण्यासाठी आहे. ती जन्मतःच नाचता येणारी असते. रियाज करताना दिसलीच तर एका गाण्याच्या कडव्यापुरती. शर्मिला रेगे यांनी 1995 सालीच लिहून ठेवलंय की लावणी उचलून घ्यायची आणि ती जगवणाऱ्या जातींतल्या बायकांना मात्र हलकं ठरवायचं, हा आपला जुना उद्योग आहे.

याच ठिकाणी माझी गेइशाची तुलनाही लंगडी पडते, आणि ते कबूल केलं पाहिजे. गेइशा होणाऱ्या मुली बहुतेक गरीब घरच्या असत, काही विकल्याही जात, पण अमुक जातीत जन्मली म्हणून नाचायचंच, असं नव्हतं. आज तर शाळा संपवून पंधराव्या-सोळाव्या वर्षी स्वतःहून अर्ज करून मुली येतात. कोल्हाटी घरात जन्मलेल्या मुलीला कुणी अर्ज विचारला नाही. दुसरा फरक पैशाचा. ओकिया बाईकडून बाईकडे जातं. इवासाकीला तिच्या मालकिणीने वारस म्हणूनच दत्तक घेतलं होतं. आपल्याकडे कमावते बाई, आणि घर भावाच्या नावावर होतं.

शिवाय त्यांच्या त्या देखण्या शिक्षणाआडही बरंच काही लपतं. 2022 मध्ये एका माजी शिकाऊ गेइशाने, म्हणजे माइकोने, ट्विटरवर लिहिलं की अल्पवयीन असताना तिला दारू पाजली जायची, आणि त्यापुढचंही बरंच काही. जपानभर गदारोळ झाला. काही महिन्यांनी आलेल्या 'माकानाई'त यातलं काहीच नाही. तिथे मुली गरम सूप पितात आणि बर्फ पडतो. मालिका मला आवडली, अजूनही आवडते, पण ते सूप आता तितकं गोड लागत नाही. त्यांनी कला दाखवली आणि व्यवहार झाकला. आपण व्यवहार दाखवला आणि कला झाकली. कुठलं झाकणं जास्त वाईट, हे मला ठरवता येत नाही. पण आपल्याकडच्या झाकण्याची किंमत रोज दिसते. गावात डीजेवर कुणी नाचलं की लोक म्हणतात, ''ही काय लावणी आहे का!'' मग लावणी म्हणजे काय, असं विचारलं की नऊवारी आणि घुंगरू यांच्यापुढे कुणाला जाता येत नाही. मलाही जाता येत नव्हतं.

मला थोडं पुढे नेलं भूषण कोरगावकर यांनी. त्यांचं 'संगीत बारी' हे पुस्तक 2014 मध्ये राजहंसने काढलं. सावित्री मेधातुल यांच्या 'नटले तुमच्यासाठी' या माहितीपटाशी जोडलेलं हे काम. कोरगावकर त्या समाजातले नाहीत, आणि तसा आवही आणत नाहीत. ते पाहुण्यासारखे जातात, चुकतात, हळूहळू घरचे होतात. पुस्तकातल्या बायका रडत बसत नाहीत. चेष्टा करतात, भांडतात, हिशेब करतात. तरी हे मुळात नात्यांचं पुस्तक आहे, तालमीचं नाही. तालीम मला दिसली ती याच नावाच्या त्यांच्या रंगमंचीय कार्यक्रमात. त्यात कोरगावकर आणि मेधातुल बोलतात आणि शकुंतलाबाई नगरकरांसारख्या मुरलेल्या कलावंत करून दाखवतात.

तिथे बैठकीची लावणी आहे. बाई बसलेली. पाय जवळजवळ बंद. गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलतो. एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा खरोखरची विनवणी, एकदा समोरच्याची सरळ खिल्ली. हात थोडा, मान थोडी, बाकी सगळं डोळ्यांत. याला अदाकारी म्हणतात, आणि सत्यभामाबाई पंढरपूरकरांचं नाव जाणकार आजही घेतात ते यासाठी. यमुनाबाई वाईकरांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. त्या वयात नाचून कोण दाखवणार? पण बसून ओळ सांगता येते. शरीर थकल्यावरही उरतं ते हे शिक्षण. त्याला लिखित अभ्यासक्रम नाही. मुलगी खोलीच्या कोपऱ्यात बसून आईला, मावशीला, मालकिणीला बघते. मिनाराईच. फक्त आपण त्याला नाव दिलं नाही, म्हणून ते शिक्षण मोजलं गेलं नाही.

रूममेटला मी शेवटी 'कोल्हाट्याचं पोर'च दिलं. त्याने एका रात्रीत वाचून काढलं. सकाळी चहा करताना लाल डोळ्यांनी म्हणाला, ''भयंकर आहे रे.'' मग थोडं थांबून, ''पण ती आई नाचायला कशी होती? तिला कुणी शिकवलं?''

मी म्हटलं, ''ते पुस्तक मुलाने लिहिलंय. आईने नाही.''

त्याने गॅस बंद केला आणि म्हणाला, ''शनिवारी आर्यभूषणला जाऊ. लोकेशन पाठव.''