येस्पर्सन यांचा इंग्रजी भाषेवरील ग्रंथ

विद्यापीठात इंग्रजी हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यास त्या भाषेतील काव्य, नाटके व कादंबऱ्या यांचा परिचय बराच होतो. परंतु हे सर्व ज्या भाषेत लिहिले गेले ती भाषा स्वतः कशी घडली, हा प्रश्न बहुधा परीक्षेतील एका प्रश्नपत्रिकेपुरता उरतो. त्या प्रश्नपत्रिकेच्या निमित्ताने आपल्या इकडील अनेकांच्या हाती आलेला ग्रंथ म्हणजे ओटो येस्पर्सन यांचा ‘ग्रोथ अँड स्ट्रक्चर ऑफ दि इंग्लिश लँग्वेज’ हा होय. तो १९०५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथकार इंग्रज नव्हेत, डेन्मार्कचे. १८९३ पासून १९२५ पर्यंत ते कोपनहेगनच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. परक्या भाषेचा इतिहास तिच्या पुत्रांनाही शिकवावा, एवढा अधिकार त्यांनी केवळ व्यासंगाने मिळविला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस धीर देणारी आहे.

ग्रंथाचा मोठा गुण असा की, रूढ स्पष्टीकरण ते पारखल्यावाचून स्वीकारीत नाहीत. गाय, वासरू, मेंढी या जिवंत प्राण्यांची नावे मूळची इंग्रजी, आणि त्यांच्याच मांसाची बीफ, व्हील, मटन ही नावे फ्रेंच, हे स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’मुळे सर्वश्रुत आहे. १०६६ नंतर नॉर्मन धनी झाले व इंग्रज गुराखी राहिले, असा त्याचा अर्थ लावितात. येस्पर्सन म्हणतात, फ्रेंचांची पाककला श्रेष्ठ होती, हेही कारण तितकेच सयुक्तिक आहे. सूप, सॉस, जेली हे शब्दही फ्रेंचच नव्हेत काय? त्याचप्रमाणे ‘दे’ हे सर्वनाम उत्तरेकडून आलेल्या वसाहतवाल्यांचे, ही गोष्ट किती असाधारण आहे ते त्यांच्या विवेचनावरून कळते. सामान्य नामे कोणीही उसनी घेतो. आपण जमीन, किल्ला, सरकार हे शब्द घेतलेच. परंतु सर्वनाम उसने घेण्यास दोन समाजांचा घरोबाच व्हावा लागतो.

असा साक्षेपी पंडित पहिल्याच प्रकरणात मात्र आपली शिस्त सोडतो, याचे आम्हांस नवल वाटते. इंग्रजी ही पुरुषी भाषा आहे, प्रौढ माणसाची आहे, असे ते सांगतात. प्रमाण काय? तर तिचे शब्द व्यंजनान्त व आटोपशीर आहेत आणि लघुत्वदर्शक प्रत्यय तीत थोडे आहेत. उलट हवाई बेटांच्या भाषेत प्रत्येक अक्षर स्वरान्त, म्हणून ती त्यांस मुलांच्या बोलण्यासारखी वाटते.

ही कसोटी आपण मराठीस लावून पाहावी. घर, दगड, हात हे शब्द लिहिण्यात अकारान्त, पण उच्चारात व्यंजनान्त आहेत. म्हणजे मराठी पुरुषी ठरली. परंतु सुरा-सुरी, दोर-दोरी, डबा-डबी अशी लघुरूपेही तीत विपुल आहेत. म्हणजे तीच मराठी बालिश ठरली! एकाच भाषेस एकाच वेळी प्रौढ व पोर ठरविणारी कसोटी भाषेविषयी काहीच सांगत नाही. ती ऐकणाऱ्याची आवड तेवढी सांगते.

विभक्तिप्रत्यय गळाले ही भाषेची प्रगतीच, हा येस्पर्सन यांचा दुसरा आवडता सिद्धान्त. ‘रामाने रावणास मारले’ हे शब्द आपण कोणत्याही क्रमाने ठेवले तरी मरतो तो रावणच. इंग्रजीत क्रम उलटा केल्यास रामाचाच वध होईल! प्रत्ययांचा भार हलका झाला खरा, पण तो पदक्रमाच्या माथी बसला. यास बदल म्हणावे. प्रगती म्हणण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावयास हवा.

आम्ही हा दोष एवढ्या विस्ताराने सांगतो, त्याचे कारण आपल्या घरांत आहे. इंग्रजी मुळातच समर्थ आणि मराठी मुळातच दुबळी, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यावर थोर पंडिताची मोहोर उठली, म्हणजे मुलगा आपल्या आईच्या बोलण्यास शास्त्राच्या नावाने कमी लेखू लागतो. आनंदाची गोष्ट ही की, या मोहाचा उतारा ग्रंथातच आहे. इंग्रजीच्या अफाट प्रसाराचे कारण तिच्या अंगच्या गुणांत शोधणे योग्य नव्हे, दोन भाषांच्या झुंजीत जी अधिक परिपूर्ण तीच जिंकते असे नाही, असे येस्पर्सन समारोपात स्वतःच बजावतात. ज्याने पहिले प्रकरण वाचले त्याने शेवटचे वाचल्यावाचून ग्रंथ मिटू नये.

भाषांना गुण देणे हे आजच्या भाषाशास्त्राचे काम राहिलेले नाही. येस्पर्सन यांची स्तुती वगळून त्यांची दृष्टी घ्यावी, आणि तीच दृष्टी घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेकडेही वळवावी. विद्यापीठात इंग्रजी शिकल्याचे सार्थक त्यातच आहे, असे आमचे मत आहे.